खोलीचा आवाज

माझं नाक एवढं मोठं आहे हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, शेदोनशे परक्या माणसांच्या देखत कळलं. आरशात ते असं नसतं. आरशातलं नाक माझ्या ताब्यात असतं; मी हनुवटी जरा खाली घेतली की ते गपगुमान आपल्या जागी जाऊन बसतं. इथे ते भिंतीएवढ्या पडद्यावर कुणाच्या बापाला न जुमानता उभं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना माझे डोळे, खाली माझे ओठ, आणि त्या ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक थरथर. मागून व्हायोलिन वाजत होतं. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या बाईने, जिला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं, जोरात नाक ओढलं. पर्स चाचपून तिने कागदी रुमाल काढले, एक स्वतःला घेतला आणि पडद्यावरची नजर न हलवता दुसरा माझ्या हातात कोंबला. "किती एकटी आहे हो बिचारी," ती कुजबुजली. मी रुमाल घेतला. काय करणार? माझ्याच दुःखासाठी मला रुमाल मिळत होता, नको म्हणायला कारण सुचेना. उजव्या हाताला माझी धाकटी बहीण होती. तीही रडत होती, पण आवाज न करता. आमच्या घरी तशीच पद्धत आहे.

लघुपट आणि माहितीपटांचं दुपारचं सत्र. महोत्सवातल्या तीन पडद्यांपैकी सगळ्यात लहान पडदा आमच्या वाट्याला आला होता, आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं आत येताना दारातच ठरवत होती की बसावं की शेजारी मोठ्या सिनेमाला जावं. आमच्या आधी चार फिल्मा झाल्या. एकीत एक लिफ्ट नुसती वर-खाली जात होती आणि दार उघडलं की दर वेळी बाहेर कुणीच नव्हतं. ती संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात की काय करावं ते लोकांना कळेना. एक मात्र मला मनापासून आवडली. लोखंडी पुलाला रंग देणाऱ्या माणसांची होती ती. ते या टोकाला सुरुवात करतात, त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाचा रंग उडालेला असतो, की परत पहिल्यापासून. त्यांच्यातला एक जण दोरीला लटकल्या लटकल्या म्हणाला, "आम्हाला काय, पूल आहे तोवर काम आहे," आणि असा काही हसला की मला त्याचे मागचे दोन दात नाहीत हेसुद्धा दिसलं. दात मला दिसतातच. तीस-पस्तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकावून पोट भरते आहे. आणि मग शेवटची फिल्म लागली ती माझ्या भाच्याची, या धाकटीच्याच मुलाची. त्याचं नाव काय वाट्टेल ते असू दे, घरात तो भोंग्या. पाळण्यात असताना तो असा काही गळा काढायचा की खालच्या मजल्यावरचे लोक वर यायचे. तोच भोंग्या मोठा होऊन आता जगाला 'शूटिंग चालू आहे, गप्प बसा' म्हणत हिंडतो, यावर आम्ही पोट धरून हसलो आहोत. फिल्मचं नाव होतं 'दुसरा कप'. मला वाटलं चहावर असेल.

आता हे नुसतं नाकाचं आणि ओठांचं प्रकरण असतं तर मी रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली असती आणि बाहेर येऊन भोंग्याचा कान पिरगाळला असता. पण ही फिल्म साक्षीदार म्हणून बोलावलेली होती. गेलं वर्षभर धाकटी माझ्या मागे लागली आहे. तिच्या इमारतीत तळमजल्यावर एक जागा रिकामी आहे, उजेड छान आहे, जिने चढायला नकोत, संध्याकाळी वर जेवायला यावं, नातवंडं अंगाखांद्यावर खेळतील. दवाखाना घ्यायला एक नवराबायको तयार आहेत, दोघंही दातांचेच डॉक्टर, हुशार, हसरे, खुर्ची बदलणार म्हणतात. मी नाही म्हणायची, ती गप्प बसायची, आठवड्याने परत तेच. हिवाळ्यात मी न्हाणीघरात घसरले आणि गुडघा असा सुजला की दवाखान्याच्या पायऱ्या बसून बसून उतरले, तेव्हापासून माझ्या 'नाही'तली हवा गेली होती हे खरं. रात्री दाराला कडी लावताना मनात यायचं, उद्या ही कडी आतून कोण काढणार? यायचं मनात. खोटं कशाला बोलू? म्हणून परवा धाकटीला म्हटलं, बघू. तर ती म्हणाली, "ताई, तू आधी भोंग्याची फिल्म बघ. मी सांगून तुला पटत नाही ना, मग तूच तुला बघ. नंतर तिथूनच सहा वाजता जागा बघायला जाऊ, मी किल्ली मागून ठेवली आहे." म्हणजे मी इथे जी बसले होते ती प्रेक्षक म्हणून नव्हे. मला माझ्याविरुद्ध उभं केलं होतं, आणि मी हरत होते. सभागृहातली प्रत्येक मान थोडी कलली होती.

भोंग्या कॅमेरा घेऊन राहायला आला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! मी बोलले, म्हणजे किती बोलले. दिवसभर ज्यांच्याशी बोलते त्यांच्या तोंडात माझेच हात असतात, त्यामुळे उत्तर यायची सोय नसते. आणि इथे एक माणूस कानाला यंत्र लावून माझा शब्द न् शब्द टिपत होता. मी त्याला अक्कलदाढेची भांडणं सांगितली. एका बाईंनी तोडलेला दात अंगठीत बसवून मागितला होता ते सांगितलं. रूट कॅनाल करताना मी गाणं म्हणते आणि सूर चुकला की पेशंटची भुवई वर जाते, तेही सांगितलं, म्हणून दाखवलं. बाबांची कवळी सांगितली. तो 'वा, वा' करत होता. त्यातला एक शब्द फिल्ममध्ये नाही! एक नाही! मी जिना चढते आहे, पाठमोरी. मी दवाखान्याचं शटर ओढते आहे, पाठमोरी. रिकामी खुर्ची, तिच्यावर गोल दिवा, दिव्याखाली कुणी नाही. अरे, रविवार होता तो! रविवारी कोण येणार? आणि मग तो चहा. मी एकाच वेळी दोन कप भरते. गरम चहा मला सोसत नाही, थंड चालत नाही. म्हणून अर्धा एका कपात, अर्धा दुसऱ्यात, पहिला फुंकून पिईपर्यंत दुसरा बरोबर बेताचा होतो. कॉलेजपासूनची सवय आहे. हॉस्टेलात सगळ्या मला 'दोन कप' म्हणायच्या. पडद्यावर मी दोन कप भरले, एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा टेबलाच्या पलीकडे सरकवला, कारण अलीकडे पेपर पसरलेला होता, आणि कॅमेरा हळूहळू, पाय न वाजवता, त्या दुसऱ्या कपामागच्या रिकाम्या खुर्चीवर गेला. वाफ. व्हायोलिन. शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई गं." दोन मिनिटांनी मी तो दुसरा कप उचलून घटाघटा प्यायले होते हो! वर हुश्श पण केलं होतं. ते कुणी बघितलं?

आणि त्यानंतर तो चेहरा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती चेहऱ्यापाशी, कारण तो कुठून आला हे मला क्षणात कळलं. शेवटच्या दिवशी सामान बांधायच्या आधी भोंग्या म्हणाला होता, "मावशी, आता एक मिनिट अगदी गप्प बस. हलू नकोस. मला खोलीचा आवाज घ्यायचाय." मी म्हटलं, खोलीला कसला आवाज? तर म्हणाला, असतो, प्रत्येक खोलीला स्वतःचा असतो, कुणी बोलत नसतं तेव्हाही. तो घेऊन ठेवायचा, मग कापाकापी करताना दोन वाक्यांच्या मध्ये जोडायला लागतो, नाहीतर मध्येच पोकळ वाटतं. प्रत्येक जागी शूटिंग संपलं की सगळे जण पुतळ्यासारखे उभे राहतात आणि खोली टिपून घेतात, अशी त्यांच्या धंद्यात रीतच आहे म्हणे. मला हे इतकं आवडलं! माझी खोली, तिला आवाज! मी पहिल्यांदाच ऐकला तो. फ्रिजची घरघर, वरच्या टाकीत पडणारं पाणी, भिंतीवरचं घड्याळ, खिडकीच्या लोखंडी पट्टीवर पारव्याचं नखं घासणं, आणि या सगळ्याच्या खाली एक जाड, ओळखीचं, आपल्यालाच दिसणारं काहीतरी, म्हणजे ऐकू येणारं. मी श्वाससुद्धा बेताने घेतला, त्याच्या यंत्रात जाऊ नये म्हणून. आणि या लबाडाने तेवढ्यात कॅमेरा चालू ठेवला होता. बरं ठेवला तर ठेवला. पण ज्या आवाजासाठी मला गप्प बसवलं तो आवाज तरी ठेवायचास! त्यावर त्याने व्हायोलिन ओतलं. माझी खोली पुसून टाकली आणि माझं गप्प बसणं तेवढं ठेवून घेतलं.

गप्प बसवलेलं माणूस कसं दिसतं हे मला कुणी शिकवायला नको. कवळीचं माप घेताना मी ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तो पेशंटच्या तोंडात दाबते आणि तो घट्ट होईपर्यंत त्याची हनुवटी धरून उभी राहते. बोलायचं नाही, हलायचं नाही, नाकाने श्वास घ्यायचा. त्या वेळात कुणाचाही चेहरा बघा. मोठमोठे आडदांड, बायकोवर डाफरत आत आलेले, कोर्टात आवाज चढवणारे, सगळ्यांचे डोळे असे होतात की जणू आत्ताच कुणी गेल्याची बातमी आली आहे. सुरुवातीला मला ते खरंच वाटायचं. एका वकिलांना ट्रे काढल्यावर मी विचारलं होतं, कसला एवढा विचार करत होता? ते तोंड पुसत म्हणाले, "लाळ गिळू की नको." त्यानंतर मी कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडलं. आणि मी कसला विचार करत होते? मला पक्कं आठवतं. बाबांच्या ऑफिसातला निरोपसमारंभ. मी नवी नवी डॉक्टर झालेले, बाबांचे उरलेसुरले दात मीच काढले होते आणि आयुष्यातली पहिली कवळी त्यांना करून दिली होती, थोडी सैल. बाबा भाषणाला उभे राहिले, छाती भरून "मित्रहो" म्हणाले, आणि कवळी सुटली ती साहेबांच्या हातातल्या पुष्पगुच्छात. बाबांनी शांतपणे ती उचलली, पाकळी झटकली, तोंडात बसवली आणि म्हणाले, "तर, मी काय सांगत होतो." खोलीचा आवाज घेताना नेमकं हेच आठवलं. हसू असं उसळून वर आलं, आणि आता यंत्रात जाईल म्हणून मी ते दातांखाली धरून ठेवलं. ओठ थरथरले ते त्याने. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने. पडद्यावरची बाई बाबांच्या कवळीला हसत होती आणि अख्खं सभागृह तिच्यासाठी डोळे टिपत होतं.

पण पडद्यावरचा चेहरा बघता बघता मीच थोडी हलले, हे सांगायला हवं. तो इतका मोठा होता, आणि इतका वेळ होता. हसू आवरण्याचे आणि रडू आवरण्याचे स्नायू तेच असतात, हे मला पुस्तकातून पाठ आहे, वेगळे नसतातच. मग बाबांना हसता हसता मी त्या मिनिटात आणखी कुठे जाऊन आले नसेन कशावरून? बाबा तर गेले. आई त्यांच्या आधी गेली. आणि एक होता, घरं बांधणारा, नकाशे काढणारा, ज्याने माझ्यासाठी एका घराचा नकाशा काढला होता, त्यात दवाखान्याला जागा ठेवायला विसरला. विसरला म्हणजे, दाखवल्यावर म्हणाला, "तेव्हा तुला गरज काय पडणार?" मी तो नकाशा गुंडाळून त्याच्या हातात दिला. पश्चात्ताप? नाही. छे. रविवारी संध्याकाळी, पेपर वाचून झाल्यावर आणि दिवे लावायच्या आधी, एक तास असा येतो की तेव्हा घर अंगावर येतं, हे खरं आहे. तेव्हा मी उगाच कपाट आवरते. पण तो तास माझा आहे. मी त्याला ओळखते, तो मला ओळखतो, आमचं बरं चाललं आहे. तो काही भोंग्याने शोधून काढलेला नाही, आणि त्याने तो असा भिंतीवर टांगून, खाली नाव लिहून, लोकांना रडायला द्यावा यासाठी मी तो जपलेला नाही. एकटी आहे, आहे ना! एकटी आहे म्हणजे बिचारी आहे हे कुणी ठरवलं? धाकटीच्या घरात सात माणसं आहेत आणि ती फोनवर माझ्याशी बोलायला गच्चीत जाते.

दिवे लागले. टाळ्या खूप पडल्या, पुलाच्या फिल्मपेक्षा जास्त, याचाही मला राग आला. शेजारची बाई डोळे पुसत वळली, माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत माझ्याकडे, आणि माझ्या हातातल्या तिच्याच रुमालाकडे. "अहो," ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच..." मी म्हटलं, "हो. मीच ती. रुमालाबद्दल आभार." तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि सोडेचना. तिकडे मंचावर भोंग्याला बोलावलं होतं. सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड होती, तिने माइक हनुवटीला टेकवून म्हटलं की या फिल्ममधलं मौन फार बोलकं आहे, एवढं मोठं मौन आपल्याला कसं सापडलं? आणि भोंग्या, माझा भोंग्या, ज्याचे दुधाचे दात मी दोरा बांधून काढले, तो मान खाली घालून हळू आवाजात म्हणाला, "मी काहीच केलं नाही. मी फक्त कॅमेरा ठेवला. मावशीने मला तिचं मौन दिलं." पुन्हा टाळ्या.

मौन दिलं? मी उभी राहिले. गुडघा कटकन वाजला, तरी राहिले. धाकटीने बाही धरली, "ताई, बस ना, घरी बोलू," पण घरी काय बोलणार? हे सगळं घराबाहेर झालं होतं. माइक फिरवणाऱ्या माणसाला वाटलं मला प्रश्न विचारायचा आहे, त्याने तो लगेच आणून दिला. मी तो धरून सरळ पुढे, पडद्याच्या खाली जाऊन उभी राहिले. ओळखलं सगळ्यांनी, एक 'अरे' सभागृहभर गेला. भोंग्याचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "मी मौनबिन काही दिलेलं नाही. मी गेले कित्येक महिने गप्प बसलेली नाही, विचारा याच्या आईला. याने मला सांगितलं, खोलीचा आवाज घ्यायचाय, गप्प बस. म्हणून बसले." आणि मग मी कवळीचं सांगितलं, साहेब, पुष्पगुच्छ, 'तर मी काय सांगत होतो', आणि दुसऱ्या कपाचंही सांगितलं. लोक हसले, खळखळून हसले. क्षणभर मला वाटलं, जिंकले. पण मग ते हसणं ओसरताना त्यात काहीतरी मऊ मऊ आलं. माना परत कलल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "किती गोड आहेत ना!" सूत्रसंचालन करणारी मुलगी छातीवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, आपण किती धीराने हे सगळं हसण्यावारी नेता." आता आली का पंचाईत! रडले असते तर बिचारी, हसले तर धीराची बिचारी. माझ्या पन्नास वाक्यांना त्या एका मिनिटाचं वजन येत नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बरं," मी म्हटलं, "आता तुम्ही बसा. सगळे जण एक मिनिट गप्प बसा. हलायचं नाही, फोन बघायचा नाही, शेजारच्याकडे बघून हसायचं नाही. दिवे असू देत. मला या खोलीचा आवाज घ्यायचाय." भोंग्या कुजबुजला, "मावशी, पुढच्या सत्राची वेळ..." मी म्हटलं, "शू. आवाज चालू आहे." आयुष्यभर लोकांना तोंड उघडा आणि तोंड मिटा सांगून आवाजाला एक वजन आलेलं असतं, ते कामी आलं. मिटली सगळ्यांनी. आधी थोडी खुसखुस झाली, मग खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं, आणि मग हळूहळू खोली वर आली. छतातून थंड हवेची सळसळ. प्रोजेक्टरच्या पंख्याची बारीक शीळ. दारामागे कुठेतरी मोठ्या सिनेमातला ढोलासारखा आवाज. आणि माझ्यासमोर शेदोनशे चेहरे, दिव्याखाली, नुसते. देवा रे! पडद्यावर जायची गरजच काय होती? पहिल्या रांगेतला एक दाढीवाला, ज्याने मघाशी लिफ्टच्या फिल्मवर लांबलचक प्रश्न विचारला होता, तो मेळ्यात हात सुटलेल्या मुलासारखा बसला होता. एक जोडपं एकमेकांचा हात धरून दोन वेगळ्या गावांना निघून गेलं होतं. रुमालवाल्या बाईंच्या डोळ्यांत मी क्षणभर पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिथे परक्याने थांबू नये. सूत्रसंचालन करणारी गोड मुलगी एकदम पन्नाशीची झाली होती. प्रत्येकापुढे एक-एक दुसरा कप ठेवून दिला असता तरी शोभला असता. मी कुणालाही बिचारं म्हटलं नाही. काय माहीत, कुणी लाळ गिळू की नको म्हणत असेल.

मग धाकटी. ती हातात पर्स धरून बसली होती, पर्समध्ये ती किल्ली. सात माणसांच्या घरातली माझी बहीण, आणि तिचा चेहरा असा की माझ्या मोठ्या नाकाच्या चेहऱ्याने त्याच्यापुढे मान खाली घालावी. मला कळलं, ती मला माझ्यासाठी बोलवत नव्हती. तळमजल्यावर तिला तिचं कुणीतरी हवं होतं. मी मिनिट तिथेच थांबवणार होते. नाही थांबवलं. आपण तिला दर रविवारी संध्याकाळी आपल्याकडे बोलवायचं, मी मनात ठरवलं, कपाट आवरायच्या वेळेला. कप तर दोन आहेतच, मला दुसऱ्या कपाची सवय मोडावी लागेल. पण मी जाणार नाही. चेहऱ्यावरून कुणाला कुठे हलवायचं नसतं, मलाही नाही, तिलाही नाही.

शेवटी मी भोंग्याकडे वळले. तो मंचाच्या कडेला उभा होता, मी खाली, त्यामुळे मला तो खालून दिसत होता, खुर्चीतल्या पेशंटच्या बरोबर उलटा. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, पाळण्यात असायचं तसं, गळा काढायच्या आधीचा तो एक लांब श्वास. डोळ्यांत सगळी भीती जमा झालेली. हा चेहरा भिंतीएवढा केला असता तर लोकांनी काय म्हटलं असतं? प्रेमाने मला भरून आलं आणि राग तसाच राहिला, दोन्ही एका वेळी. आणि मंचावरच्या दिव्याचा झोत नेमका त्याच्या तोंडात पडला. मी टाच उंचावून नीट बघितलं.

"मावशी," तो ओठ न हलवता म्हणाला, "झालं ना मिनिट?"

"झालं," मी म्हटलं, माइकमध्ये. "हलू शकता सगळे. मिटलेली तोंडं उघडा." कुणी हसलं नाही. "आणि तू ऐक. तुझी वरची उजवी दाढ किडली आहे, शेवटून दुसरी. मोठं भोक आहे. एका बाजूने चावतोस की नाही? सोमवारी सकाळी ये. दवाखाना उघडा आहे. या सोमवारी आहे, पुढच्या सोमवारी आहे, आणि मी बंद करीन तेव्हा मी स्वतः सांगेन, तोवर कुणी किल्ल्या मागून ठेवायच्या नाहीत. येताना कॅमेरा आण हवा तर. पण व्हायोलिन घरी ठेव."

माइक मी त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला, आणि जीभ त्या दाढेवर नेऊन टेकवली. गालावरून मला दिसलं. मग मागे वळले तर सभागृहभर तेच चाललेलं, प्रत्येक मिटल्या तोंडात एक जीभ मागच्या दाढा चाचपत हिंडत होती. धाकटी पर्स छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीक थरथर होती. ती हसत होती की रडत होती ते मी तिला विचारलं नाही. शेजारी जाऊन बसले, कारण पुढचं सत्र सुरू होत होतं.